कशावरून? पिरॅमिड, स्फिंक्स आणि 'तज्ज्ञ म्हणतात' याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुम्ही कोण? इजिप्टॉलॉजिस्ट आहात का?

नाही हो. मी सिव्हिलवाला. साइटवरची मापं घेणं आणि कॉन्ट्रॅक्टरची बिलं तपासणं हे माझं काम, त्यामुळे कुणी म्हणालं की "साहेब इतके ब्रास खडी लागली" तर तोंडातून पहिलं निघतं ते, कशावरून? इजिप्तचा नाद लागला २०१२-१३ मध्ये, मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमचं ममीचं प्रदर्शन आलं होतं तेव्हा, आणि तेव्हापासून घरचे, साइटवरचे, सोसायटीतले सगळे मला तेच तेच प्रश्न विचारतात. एकदाच लिहून ठेवलं की सुटलो.

सरळ सांगा ना, तज्ज्ञांवर विश्वास ठेवायचा की नाही?

कुठल्या वाक्यावर, ते आधी सांगा. माणूस एकच असतो पण त्याची सगळी वाक्यं सारख्या वजनाची नसतात. "खुफूच्या काळात तुऱ्याच्या खाणीतून होडीने दगड यायचे" (खुफू म्हणजे गिझाचा मोठा पिरॅमिड ज्याच्या नावावर आहे तो राजा) हे एक वाक्य, आणि "राजांच्या दरीत आता काही शिल्लक नाही" (म्हणजे इजिप्तच्या राजांची थडगी असलेली दरी) हे दुसरं. पहिल्याच्या मागे त्या वेळचा कागद आहे, दुसऱ्याच्या मागे खणून खणून कंटाळलेला माणूस. मी इतकी वर्षं वाचतोय त्यात मला एक दिसलंय, "सापडलं, हे बघा" म्हणणारे तज्ज्ञ सहसा टिकतात, "संपलं, असूच शकत नाही" म्हणणारे बऱ्याचदा आपटतात, आणि शेजारी मंत्री बसलेला असताना माइकवर जे बोललं जातं ते तर दोन वर्षं थांबूनच ऐकावं.

खरंच आपटलेत का कुणी? की उगाच?

हवे तितके. सगळ्यात जुना नमुना किर्शर. सतराव्या शतकात रोममध्ये बसून अथानासियस किर्शर नावाच्या जेझुइट पंडिताने जाहीर केलं की मला इजिप्तची चित्रलिपी वाचता येते, आणि ओबेलिस्कवरच्या, म्हणजे इजिप्तच्या उंच दगडी स्तंभांवरच्या, मजकुराची पानंच्या पानं भाषांतरं छापली. सगळं चुकीचं. जिथे राजाचं नाव होतं तिथे ह्यांना गूढ तत्त्वज्ञान दिसलं. १८२२ मध्ये शांपोलियॉन या फ्रेंच अभ्यासकाने लिपी उलगडली तोपर्यंत किर्शर जाऊन एकशे चाळीसच्या वर वर्षं झाली होती. गंमत म्हणजे कॉप्टिक भाषा ही जुन्या इजिप्शियनचीच पुढची पिढी हे त्याने बरोबर ओळखलं होतं आणि त्याचा शांपोलियॉनला फायदाच झाला, म्हणजे माणूस बिनडोक नव्हता, फक्त "कशावरून" विचारणारं समोर कुणी नव्हतं.

मग राजांची दरी. बेलझोनी, जो १८१८ मध्ये खफ्रे राजाच्या, म्हणजे गिझाच्या दुसऱ्या मोठ्या पिरॅमिडात शिरला, तो लिहून गेला की दरीत आता आणखी थडगी नाहीत. त्यानंतर डझनांनी सापडली. पुढे थिओडोर डेव्हिस नावाच्या श्रीमंत अमेरिकन वकिलाने तिथे बारा-एक वर्षं खणलं, भरपूर मिळवलं, आणि १९१२ मध्ये तोही म्हणाला की दरी रिकामी झाली असावी. १९२२ च्या नोव्हेंबरात हॉवर्ड कार्टरला तिथेच तुतानखामुन राजाचं थडगं सापडलं. ह्याच डेव्हिसने १९०७ मध्ये एक थडगं राणी तिये हिचं म्हणून जाहीर केलं होतं आणि आतला सांगाडा तपासल्यावर निघाला पुरुष.

जुनी उदाहरणं नको असतील तर २०१५ घ्या. निकोलस रीव्ह्ज या ब्रिटिश तज्ज्ञाने तुतानखामुनच्या थडग्याच्या भिंतींचे स्कॅन बघून अंदाज मांडला की मागे लपवलेल्या खोल्या आहेत आणि कदाचित राणी नेफेर्तिती तिथेच पुरलेली आहे. अंदाज म्हणून ठीकच होतं, माणसाने कारणं दिली होती. पण रडार मारलं आणि त्या वेळचे पुरातत्त्व मंत्री एल्दमाती यांनी पत्रकारांना ९० टक्के खात्री सांगून टाकली. दुसऱ्या टीमने रडार मारलं, काही नाही. २०१८ मध्ये इटलीतल्या तोरिनोच्या टीमने तिसऱ्यांदा, जास्त बारकाईने मारलं, काही नाही. ९० टक्के हा आकडा कुठल्या हिशोबाने आला ते कुणीच विचारलं नाही. आमच्याकडे असं बिल आलं असतं तर परत पाठवलं असतं.

मग पिरॅमिड खुफूनेच बांधला हेही तसंच असेल की! कशावरून?

हा चांगला प्रश्न आहे आणि इथे उत्तरही चांगलं आहे, म्हणून जरा सविस्तर.

२०१३ मध्ये पिएर ताले या फ्रेंच संशोधकाच्या टीमला तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पपायरसचे तुकडे मिळाले, लिहिलेले पपायरस म्हणून आजवर सापडलेल्यांत सगळ्यात जुने. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. चाळीसेक माणसांची त्याची टोळी, होडी घेऊन तुऱ्याच्या खाणीत जायची, पांढरा चुनखडक भरायचा, नाईलवरून आणि कालव्यातून गिझाला आणायचा, उतरवायचा, परत. आज कुठे होतो, रात्री मुक्काम कुठे, दहा दिवसांत दोन-तीन खेपा, वरचा साहेब अंखहाफ, जो राजाचा सावत्र भाऊ होता. सोबत धान्य किती आलं त्याचे तक्ते. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अक्षरशः हसलो, कारण ही साडेचार हजार वर्षांपूर्वीची साइट डायरी आणि मस्टर आहे, आमचा सुपरवायझर अजून असंच लिहितो, फक्त मेरेरचं अक्षर बरं असावं. त्यात पिरॅमिडचं नाव आखेत-खुफू म्हणून येतं, खुफूचं क्षितिज.

दुसरं, मजुरांची वस्ती. मार्क लेहनर या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने गिझाच्या दक्षिणेला खणून काढली, बेकऱ्या, झोपायच्या लांब खोल्या, हाडांचे ढीग. जवळच १९९० मध्ये मजुरांची थडगी मिळाली, तीही घोड्याचा पाय एका जुन्या भिंतीला अडखळला म्हणून. हाडांवर ओझी वाहिल्याच्या खुणा आहेत आणि नीट जुळवलेली फ्रॅक्चर्सही आहेत. उकिरड्याला कुणाला फसवायचं नसतं, म्हणून मी शिलालेखापेक्षा उकिरड्यावर जास्त भरवसा ठेवतो.

पण मेरेर काय सांगत नाही तेही बघा. दगड वर कसा चढवला याबद्दल एक अक्षर नाही, आणि ही राजवटीच्या शेवटची, बहुतेक बाहेरच्या आवरणाच्या दगडांची नोंद आहे. "मेरेरमुळे सगळं सिद्ध झालं" असं एखादा उत्साहाने म्हणाला तर तोही जास्त बोलतोय.

आतल्या खोल्यांमधलं खुफूचं नाव नंतर कुणी रंगवलंय म्हणतात ते?

खुफूच्या पिरॅमिडात आत जे राजाचं दालन आहे, त्याच्यावर एकावर एक पाच बुटक्या पोकळ्या आहेत. सगळ्यात खालची डेव्हिसनने १७६५ मध्ये पाहिली, वरच्या चार हॉवर्ड व्हाइसने १८३७ मध्ये सुरुंगाच्या दारूने वाट फोडून उघडल्या (आज कुणी असं केलं तर जेलमध्ये जाईल, आणि जावंच). त्या चार खोल्यांत लाल रंगात टोळ्यांची नावं आहेत आणि त्यात खुफूचं नाव. १९८० मध्ये झकेरिया सिचिन या लेखकाने आरोप केला की व्हाइसनेच ते रंगवून घेतलं.

शंका घ्यायला हरकत नाही, व्हाइसला काहीतरी दाखवायची घाई होतीच. पण तपासल्यावर काय दिसतं? काही खुणा उलट्या किंवा आडव्या आहेत, म्हणजे दगड बसवायच्या आधी खाणीत लिहिलेल्या. काही खुणा दोन दगडांच्या सांध्यात आत गेल्यात जिथे ब्रश सोडा, बोटही जात नाही. आणि १८३७ मध्ये लिपी वाचता यायला लागून पंधरा वर्षं झाली होती, टोळ्यांची नावं कशी असतात हे तेव्हा कुणाला धड माहीत नव्हतं. सिचिनचा मुख्य मुद्दा होता की नावातलं एक अक्षर चुकलंय, पण तो जुन्या चित्रांवरून बोलत होता, फोटोत अक्षर बरोबर आहे. म्हणजे इथे "कशावरून" हा प्रश्न सिचिनवर उलटला.

२३ लाख दगड, २० वर्षं, म्हणजे दर दोन मिनिटांना एक दगड! हे शक्य तरी आहे का?

हा माझा आवडता. आधी विचारा, २३ लाख मोजले कुणी? कुणीच नाही. पायाची बाजू साधारण २३० मीटर, मूळ उंची १४६ मीटरच्या वर, त्यावरून आकारमान आलं २६ लाख घनमीटरच्या आसपास, त्याला सरासरी दगडाच्या साइजने भागलं. पण सरासरी धरली ती बाहेरून दिसणाऱ्या दगडांवरून, वरच्या थरांतले दगड खालच्यांपेक्षा लहान आहेत, आत तळाशी मूळचा खडक न कापता तसाच ठेवलाय. आणि २० वर्षं हा आकडा हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराचा, जो पिरॅमिड बांधल्यावर दोन हजार वर्षांनी टुरिस्ट म्हणून आला होता. त्यानेच लाख माणसंही सांगितली. लेहनर वगैरे लोक वीस-पंचवीस हजारांच्या आसपास बोलतात.

म्हणजे हा "दोन मिनिटांना एक" आकडा दोन्ही बाजूचे वापरतात, एक म्हणतो बघा किती महान संघटन, दुसरा म्हणतो बघा अशक्य, आणि दोघांचा पाया एकच, भागाकार. त्यातून एकावेळी एकच दगड चढत होता असं धरलं तरच तो भीतीदायक वाटतो. कॅल्क्युलेटर घेऊन एक करून बघा, पिरॅमिडच्या खालच्या एक-तृतीयांश उंचीत ७० टक्के माल संपतो. अर्ध्या उंचीपर्यंत ८७ टक्के. टोकदार आकाराचा हाच फायदा, वर जाल तसं काम झपाट्याने कमी.

खरा अवघड प्रश्न वेगळाच आहे. राजाच्या दालनाची जमीन साधारण ४३ मीटरवर, आणि त्याच्या छताला अस्वानहून आणलेले ग्रॅनाइटचे पाट, पंचवीस टनांपासून पुढे कितीतरी जड. ते तिथे कसे गेले ह्यावर मला कुणी ठामपणे बोललं की मी खुर्ची जवळ ओढतो.

मग रॅम्प सरळ होता, गोल होता की आतून होता?

ठरलेलं नाही. आतल्या रॅम्पची कल्पना झां-पिएर उदां या फ्रेंच आर्किटेक्टची आहे, सुंदर आहे, पुरावा अपुरा आहे. २०१८ मध्ये हतनूबच्या खाणीत एक खडा उतार मिळाला, दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि खांबांची भोकं, खुफूच्याच काळातला, म्हणजे चढ धरून दगड ओढायची काहीतरी युक्ती त्यांच्याकडे होती. तो खाणीतला आहे, पिरॅमिडचा नाही.

इथे एक मजेदार चूक सांगतो. देर अल-बर्शाच्या एका थडग्यात चित्र आहे, अवाढव्य पुतळा घसरगाडीवर, १७२ माणसं ओढतायत, आणि एक माणूस पुढे वाळूवर पाणी ओततोय. इजिप्टॉलॉजीत बरीच वर्षं ते पाणी ओतणं धार्मिक विधी समजलं जायचं. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग केला, वाळू योग्य तितकी ओली असली तर ओढायला लागणारा जोर निम्म्यावर येतो. आपल्याकडे रेतीत काम केलेल्या कुठल्याही माणसाला विचारलं असतं तरी सांगितलं असतं. ज्याचा उपयोग कळत नाही तो 'विधी', ही या विषयाची जुनी खोड आहे.

कार्बन डेटिंगमध्ये पिरॅमिड जुने निघाले आणि ते दाबून टाकलं, खरं का?

जुने निघाले, हो. दाबलं, नाही. दगडाचं वय कार्बनने काढता येत नाही, पण चुना-जिप्समच्या मसाल्यात भट्टीतल्या कोळशाचे कण अडकलेले असतात, ते घेतले. १९८४ च्या नमुन्यांचं वय इतिहासाच्या तारखांपेक्षा सरासरी ३७४ वर्षांनी जास्त आलं. मग १९९५ मध्ये पुन्हा भरपूर नमुने घेतले, फरक कमी झाला, १०० ते २०० वर्षं. सगळं छापून जाहीर केलंय. त्यांचं म्हणणं असं की एवढ्या कामाला सरपण म्हणून जुनंपानं लाकूड जाळलं असणार, झाड कधी तोडलं ते वय येतं, पिरॅमिडचं नाही. पटण्यासारखं आहे, पण तो अंदाजच आहे.

मला जास्त पटलं ते २०१० चं काम. म्युझियममधल्या बिया, टोपल्या, गवत अशा एका-दोन वर्षांत वाढणाऱ्या गोष्टींचे दोनशेवर नमुने तपासले, आणि राजांची जुनी कालगणना थोडी इकडेतिकडे सोडता बरोबर निघाली. आणि ३७४ वर्षांनी चूक पकडलीच म्हणून नाचणाऱ्यांना एकच सांगायचं, तुम्हाला पिरॅमिड बारा हजार वर्षं जुना हवाय. ३७४ मध्ये तुमचं काही भागत नाही.

स्फिंक्सवर पावसाने झिजल्याच्या खुणा आहेत ना? जिओलॉजिस्टच सांगतोय की!

रॉबर्ट शॉक, बोस्टन युनिव्हर्सिटीचे. १९९१ मध्ये त्यांनी मांडलं की भोवतीच्या खड्ड्याच्या भिंतींवरच्या उभ्या गोलसर चरा पावसाच्या पाण्याच्या आहेत, म्हणून स्फिंक्सचा (गिझाचा सिंहाच्या धडाचा, माणसाच्या तोंडाचा पुतळा) मूळ भाग इसवी सनापूर्वी ५००० ते ७००० मधला. म्हणजे इथे तज्ज्ञ विरुद्ध तज्ज्ञ आहे, "विज्ञान विरुद्ध खुळे" असा सामना लावणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

लेहनर आणि बाकीच्यांचं उत्तर होतं, त्या काळातलं एक खापर तरी दाखवा. इतिहास म्हणून हे उत्तर भक्कम आहे, एवढं कोरणारे लोक जेवले कशात? पण दगडाच्या झिजेला ते उत्तर नाही, आणि तिथे मला वाटतं त्यांनी थोडी टाळाटाळ केली. दगडाचं उत्तर दगडवाल्यांनीच दिलं. लाल गौरी या जिओलॉजिस्टने दाखवलं की चुनखडकातले क्षार दवाने विरघळतात, उन्हात स्फटिक होतात आणि पापुद्रे काढतात. कॉलिन रीडर, तेही जिओलॉजिस्ट, म्हणतात पाणी मान्य, पण त्यासाठी काही शतकं मागे गेलं तरी पुरतं, हजारो नको.

आणि तज्ज्ञांची बाजूही वाटते तितकी घट्ट नाही. स्फिंक्स खफ्रेने कोरला असं त्या काळातल्या एकाही लेखात नाही. समोरचा शिलालेख थुतमोस चौथा या राजाचा, अकराशे वर्षांनंतरचा, त्यात 'खफ' एवढंच तुटकं अक्षर उरलं होतं. खफ्रेचं नाव लागतं ते शेजारच्या मंदिरांवरून, रस्त्याच्या रेषेवरून, आणि खड्ड्यातून काढलेलाच दगड समोरच्या मंदिराला वापरलाय यावरून. राइनर श्टाडेलमान यांच्यासारखा जाणता माणूस खुफूचं नाव घ्यायचा. तेव्हा "चौथं राजघराणं" (खुफू-खफ्रेचं घराणं) म्हणालात तर मी मान हलवेन, "खफ्रेच, शंभर टक्के" म्हणालात तर नाही.

पिरॅमिडमध्ये मोठी पोकळी सापडली त्याचं काय झालं?

२०१७ मध्ये, म्यूऑन नावाचे कण आकाशातून सतत येत असतात, ते दगडातून किती आरपार जातात त्यावरून, खुफूच्या पिरॅमिडातल्या मोठ्या गॅलरीच्या (राजाच्या दालनाकडे चढत जाणाऱ्या उंच बोळाच्या) वर किमान ३० मीटर लांबीची पोकळी दिसली. तीन वेगवेगळ्या टीमनी वेगवेगळ्या यंत्रांनी पाहिली, म्हणून मी गंभीरपणे घेतो. झाही हवास, इजिप्तचे प्रसिद्ध पुरातत्त्वज्ञ, त्या वेळी म्हणाले की ह्यात नवीन काही नाही, पिरॅमिडात पोकळ्या असतातच. मग २०२३ मध्ये उत्तरेच्या दारामागे ९ मीटरचा बोळ निघाला, फटीतून बारीक कॅमेरा आत सरकवला आणि चक्क दिसला, आणि ते जाहीर करायला पुढे हवासच होते. असो. मोठी पोकळी कशासाठी ते अजून उघडं आहे. "खजिना" म्हणणारा आणि "काही नाही" म्हणणारा, दोघेही आत गेलेले नाहीत.

त्याच म्यूऑनने १९६० च्या दशकाच्या शेवटी लुई अल्वारेझने खफ्रेच्या पिरॅमिडात शोध घेतला होता. पोकळी मिळाली नाही. पण त्याने नीट सांगितलं की आम्ही १९ टक्केच भाग पाहिलाय. असं बोलावं माणसाने.

खफ्रेच्या पिरॅमिडखाली ६४८ मीटर खोल खांब सापडले, ग्रुपवर आलंय!

मार्च २०२५ पासून मला हे निदान चाळीस जणांनी पाठवलंय. इटलीतल्या काही लोकांनी सॅटेलाइट रडारवरून दावा केला. ते रडार खडकात इतकं खोल शिरत नाही, प्रेस कॉन्फरन्स आधी झाली आणि तपासलेला शोधनिबंध नव्हता, आणि तुम्ही पाहिलेली चकचकीत चित्रं कॉम्प्युटरवर बनवलेली होती. एल्दमातींच्या ९० टक्क्यांना जो नियम लावला तोच इथे.

एलियन?

नाही.

पण वेरूळचं कैलास लेणं तरी...

तेही नाही. राष्ट्रकूट कृष्णराजाने करवलं असा उल्लेख त्याच घराण्याच्या बडोद्याच्या ताम्रपटात आहे, आणि छिन्नीच्या खुणा भिंतीवर आहेत, संभाजीनगरला जाऊन हात लावून बघा (म्हणजे गार्ड बघत नसताना नको).

बाहेरच्या माणसाने ह्या विषयात काही करून दाखवलंय का, की नुसत्या शंका?

पेट्री. फ्लिंडर्स पेट्री शाळेत गेला नाही, घरीच शिकला, वडील पियाझी स्मिथचे भक्त. स्मिथ हा स्कॉटलंडचा राजखगोलशास्त्रज्ञ, मोठा माणूस, आणि त्याचं म्हणणं की पिरॅमिड 'पिरॅमिड इंच' नावाच्या दैवी मापात बांधलाय. पेट्री १८८० मध्ये हे सिद्ध करायच्याच आशेने गिझाला गेला, एका थडग्यात राहिला, दोन हिवाळे टेप, साखळी आणि थिओडोलाइट घेऊन मापं घेतली. मापं स्मिथशी जुळेनात. पायाची लांबीच स्मिथच्या आकड्यापेक्षा कमी भरली. पेट्रीने सिद्धांत सोडला, मापं छापली, आणि ती आजही वापरतात. माझ्या टेबलाच्या काचेखाली त्याचा फोटो आहे, बायको म्हणते हे कोण तुमचे आजोबा का.

मला एक व्हिडिओ आलाय, खरा का खोटा तपासून द्याल?

देईन, पण रविवारी. क्लिप कापून पाठवू नका, पूर्ण लिंक द्या, आणि त्यात जो आकडा ऐकून तुम्ही चाट पडलात तो मिनिट-सेकंदासकट लिहा. "नासाने सांगितलंय" एवढंच असेल तर पाठवूच नका.